फेझिले कुठे जेवला होता

सोमवार, १५ सप्टेंबर १९९७

दिसायला अगदीच साधा निघाला! अकरा वर्षं मी त्याला मनात शिंगं लावून ठेवली होती – आणि समोर हा चष्मेवाला, ढेरपोट्या, बायकोने कडक इस्त्री करून दिलेल्या शर्टातला माणूस. लॉटर. तेव्हा सुरक्षा पोलिसांत लेफ्टनंट. आता म्हणे मधमाश्या पाळतो.

फेझिलेला, माझ्या भावाला, त्याने ऑगस्ट ८६ मध्ये मारलं. एवढं त्याने सत्य आयोगाकडे केलेल्या माफीच्या अर्जात कबूलच केलंय. उरलेलं या आठवड्यात ऐकायचं.

आमच्या वकीलबाई, मिस जेकब्स, पुन्हा समजावून सांगत होत्या. "त्याने सगळं सांगितलं तर त्याला माफी. काही दडवलं असेल तर आपण माफीला विरोध करू शकतो. कान उघडे ठेवा." काका म्हणाले, "बाई, आमची नोमोंडे मास्तरीण आहे. खोटं बोलणारं पोर तिला वासावरून कळतं!" सगळे हसले. आईसुद्धा.

मला माफी द्यायची नाहीये. इथे तरी स्पष्ट लिहिते. रेडिओवरचे लोक उठता-बसता क्षमा करतात – करोत बापडे. मी नाही करणार.

सुनावणीला काकांनीच नेलं, त्यांच्या डॅटसनमधून. आईच्या मांडीवर कोंबडी आणि वाफेवरच्या पावाचा डबा, लग्नाला निघाल्यासारखा. वाटेत रग्बीचं मैदान लागलं. काकांनी गाडी आपसूक हळू केली. गवताचं पातं नाही तिथे, तेव्हाही नव्हतं. "इथे पडलं की गुडघे सोलवटायचे," काका म्हणाले. "आणि तुझा भाऊ पडायचाच नाही, लबाड!" काका संघाचे प्रशिक्षक होते, फेझिले कडेने पळणारा. शनिवारी दुपारी सगळी वस्ती त्या धुळीत उभी. आम्ही मुली ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचो. जिंकलो की काका अख्ख्या संघाला आमच्या अंगणात आणायचे आणि आई कपाळाला हात लावायची. बाबा खाणीत वारले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर आमचे बूट, आमची पुस्तकं, आमचा मार – सगळं काकांकडून.

किती छान दिवस होते. पोलीस होते, गोळ्या होत्या, अश्रुधूर होता. तरी छानच होते. हे कुणापुढे बोलायची सोय नाही!


मंगळवार, १६ सप्टेंबर

लॉटर आफ्रिकान्समध्ये बोलतो, आमच्या कानात यंत्रातून आमच्या खोसा भाषेत येतं. भाषांतर करणारी बाई कुठल्यातरी काचेमागे. गोड आवाज, अगदी आमच्या भागातली. आणि ती म्हणते, "मी त्याच्या डोक्यात गोळी घातली." मी! आईने यंत्र काढून मांडीवर ठेवलं. मग परत लावलं.

नदीपलीकडच्या एका शेतात पुरलंय. जागा दाखवायला तो तयार आहे.

मिस जेकब्सनी विचारलं, "तो वस्तीत आलाय ही खबर कुणी दिली?"

"कुणीच नाही. मुख्य रस्त्यावर चालत होता. योगायोगाने सापडला."

"तीन वर्षं लपलेला माणूस मुख्य रस्त्यावर चालत होता?"

"होय, बाईसाहेब. मलाही नवल वाटलं."

खोटारडा! माझा हात काकांच्या हातात होता. त्यांनी तो दाबला.

मग बाईंनी विचारलं, गाडीत काय झालं. तो म्हणाला, "त्याला मारलं तेव्हा त्याने उलटी केली. आंबट दूध, तुमच्या लोकांचं ते मक्यावर ओतलेलं. आठवडाभर वास गेला नाही." सभागृहात एकदम गलका. अध्यक्षांनी गप्प केलं. आईने खांद्यावरची घोंगडी तोंडावर ओढून घेतली.

अमासी, तेच आंबट दूध, खाल्लं होतं त्याने. निदान उपाशीपोटी गेला नाही. घरी येईपर्यंत मी हेच धरून बसले होते.


बुधवार, १७ सप्टेंबर

आज सुनावणी नाही, शाळेत गेले. तिसरीच्या पोरांना गुणाकार दिला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

फेझिले आणि दूध! आमच्यात पुरुषाने दूध फक्त आपल्या कुळाच्या घरी प्यायचं. हल्ली कोण पाळतं? दुकानात पिशवीत मिळतं, पोरं रस्त्यात पितात. पण फेझिले पाळायचा. दिवसभर क्रांतीच्या गप्पा, मार्क्स काय अन् काय, आणि दुधाच्या बाबतीत आजोबांच्याही वरताण! काका चिडवायचे, "कॉम्रेड, क्रांतीनंतर तरी पिशील का शेजाऱ्याकडे?" – "क्रांतीनंतर शेजारी माझ्याकडे पितील." एकदा मित्राच्या आईने तुंबाभर दूध पुढे केलं. नको कसं म्हणायचं, म्हणून हा म्हणाला, पोट बिघडलंय. तिने नाक दाबून एरंडेल पाजलं! दोन दिवस घरातून बाहेर पडला नाही. पण दूध नाहीच प्यायला.

हे आठवून मी वर्गात एकटीच हसले. पोरं बघायला लागली.

आणि मग हसू थांबलं.

फेझिले जिथे जेवला ते घर आमच्या कुळाचं होतं. वस्तीत आमच्या कुळाची दोनच घरं. एक आमचं. तिथे तो आला नव्हता – मी तिथेच होते, सातवा महिना, पाय सुजलेले, नवरा खाणीवर.

दुसरं काकांचं.

काका अकरा वर्षं सांगतायत, त्या वर्षीच्या ईस्टरनंतर पोरगा माझ्या नजरेला पडला नाही.


गुरुवार, १८ सप्टेंबर

शाळेतून थेट काकांकडे. डॅटसनखाली आडवे झाले होते. मी उभ्याउभ्याच विचारलं. बराच वेळ नुसते पाय दिसत होते.

बाहेर आले. हाताला तेल. "तुझ्या मनात हे आलंच कसं, पोरी?"

"मग दूध कुठे प्यायला तो?"

"मला काय माहीत! माझ्या दारात आला असता तर मी त्याला सोडला असता का? पायाला धरून बसलो असतो."

"काका, खरं सांगा."

"खरंच सांगतोय. घरी जा. माभेलेच्या कानावर हे घालू नकोस, ती मरेल." माभेले म्हणजे आई. तिला ते आजही तिच्या माहेरच्या कुळाच्या नावाने हाक मारतात, मानाने.

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझा विश्वास बसायला हवा होता. बसला नाही. चौकातून मिस जेकब्सना फोन केला आणि सगळं सांगितलं, दुधाचं, कुळाचं, दोन घरांचं. त्या म्हणाल्या, "हे फार मोठं आहे, नोमोंडे. खबऱ्याला दडवलं असेल तर लॉटरची माफी गेलीच."

आनंद व्हायला हवा होता.


शुक्रवार, १९ सप्टेंबर

आईचं डोकं दुखत होतं, आली नाही. बरंच झालं. काकाही आले नाहीत. मी टॅक्सीने गेले.

मिस जेकब्सनी भर सभागृहात दुधाचा रिवाज समजावला आणि काकांचं नाव घेऊन विचारलं, "हाच तुमचा खबऱ्या ना?" लॉटरने चष्मा काढला, पुसला. "या माणसाला मी ओळखत नाही, बाईसाहेब." दोनदा विचारलं. दोनदा तेच. मागे बायकांनी धिक्काराच्या आरोळ्या ठोकल्या. कुणासाठी ते कळेना.

काकांना सोमवारी साक्षीला बोलावणार.

परतीच्या खचाखच टॅक्सीत सगळे काकांबद्दलच बोलत होते. मी खिडकीकडे तोंड करून बसले. एक जण म्हणाला, "म्हणूनच म्हाताऱ्याला कधी पकडलं नाही." खोटं! पासष्ट दिवस आत होते ते. फेझिलेचा पत्ता विचारून विचारून त्यांचे दात पाडले होते. मी गप्प का बसले?


शनिवार, २० सप्टेंबर

डॅटसनच्या सगळ्या काचा फोडल्या. टायर जाळला. ज्यांना काकांनी चेंडू धरायला शिकवलं त्यांचीच पोरं.

आईला शेजारणीने सांगितलं. कशासाठी फोडल्या, तेही सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मग आत जाऊन दार लावून घेतलं.


रविवार, २१ सप्टेंबर

आई चर्चला आली नाही. परत आले तर टेबलाशी बसलेली, सणाचा डोईवरचा रुमाल बांधून. म्हणाली, "बस. उद्या मला त्या सभागृहात बोलायचंय. आधी तुला सांगते. त्या रात्री फेझिले इथे जेवला. मीच अमासी वाढलं. तू आत झोपली होतीस. मग पोलिसांची गाडी गल्लीत शिरली. मी त्याला मागच्या दाराने घालवलं. थोड्या वेळाने तो परत आला. दार वाजवलं, हळूच. 'आई' म्हणाला. तू कूस बदललीस, तुझं ते पोट... मी दाराला हात लावून उभी होते, त्याची पावलं मुख्य रस्त्याकडे जाईपर्यंत. नाही उघडलं, नोमोंडे."