पाहुण्याची ओळ

९ जानेवारी, खर्डा
आलो बाबा एकदाचा. घर छोटंसं पण नीटस. पुढे ओटा, आत बाहेरची खोली, मग स्वयंपाकघर. ओट्यावरून किल्ल्याचा बुरूज दिसतो. घरमालकीण मालनबाई शेजारीच राहतात. टेम्पोतून सामान उतरेस्तोवर त्यांनी पिठलं-भाकरी धाडली. जन्मभर पंपाच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड केल्या, आता निवांत कॉम्प्युटरशी खेळायचं. नात निकिता पुण्याहून, दोस्त गनीभाई नगरहून आणि मी इथून, असे तिघे दर रविवारी ऑनलाइन पटाचा खेळ मांडतो. स्क्रीनवर नकाशा, सोंगट्या, फासे, सगळं. या खेपेला नकाशा म्हणून मी हेच घर, हीच गल्ली अन् वेशीपासून किल्ल्यापर्यंतचं गाव काढलंय. पोरगी हसेल.

११ जानेवारी
आज मॅक्रो लिहिला. म्हणजे बटण दाबलं की खेळातली कामं आपोआप करणाऱ्या चार सूचना. खेळाडूंचा तक्ता त्याला एका लांब दोरीसारखा द्यावा लागतो. नाव, स्वल्पविराम, जागा; माणूस संपला की अर्धविराम. मॅक्रो अर्धविरामाशी दोरी तोडून ओळी करतो आणि ओळीच्या नंबराने हाक मारतो. पहिली ओळ गनीभाईंची, दुसरी माझी, चौथी निकिताची. तिसरीत नाव मुद्दाम घातलं नाही, जागा तेवढी 'वेस' लिहिली. आमची आई पंगतीला कायम एक पान जास्तीचं मांडायची, अचानक आलेल्यासाठी. तेवढंच आपलंही.

१२ जानेवारी
छान रंगला खेळ. फक्त बटण दाबलं की दर वेळी तिसऱ्या ओळीचीच जागा बदलते. वेशीवरून पारावर, पारावरून गल्लीत. गनीभाई म्हणाले, आप्पा, तुमच्या पाव्हण्याला लई घाई दिसती. निकिता खो खो हसली. मीही हसलो. चूक माझीच असणार कुठेतरी.

१६ जानेवारी
सूचना पुन्हा पुन्हा वाचल्या, चूक सापडेना. बटण दाबलेलं नाही, तरी तक्त्यात तिसऱ्याची जागा 'ओटा'. दुपारी मालनबाई ताक घेऊन आल्या नि म्हणाल्या, "आप्पा, पाव्हण्याला आत तरी घ्या की. सकाळधरनं ओट्यावर बसलाय. नाव इचारलं तर बोलंना."
ओट्यावर कुणी नव्हतं. उन्हात सगळी फरशी तापलेली, एक माणूस बसेल एवढी जागा मात्र गार.

१८ जानेवारी
गनीभाईंना फोन केला. त्यांनी साधा उपाय सांगितला: बिननावाची ओळ काढून टाका, आणि पुन्हा तशी ओळ घ्यायचीच नाही अशी सूचना मॅक्रोत घाला. तसंच केलं. ओटा धुतला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

२४ जानेवारी
तक्ता आज उघडला. 'निकिता, बाहेरची खोली'. मी तर तिला किल्ल्यावर ठेवलं होतं.
आता कळतंय. ओळ काढली तशी खालची वर सरकली. मॅक्रो नाव ओळखत नाही, नंबर ओळखतो. तिसरी आता निकिता.
मोकळी ओळ परत घालतो— मॅक्रो गिळून टाकतो. सूचना खोडतो— ती पुन्हा तिथेच.
तिचा फोन आला. अंगात कापरं भरलंय म्हणाली, कुणीतरी मनगट धरून ओढतंय असं वाटतं. तरी सुट्टीला उद्या येणारच. नको म्हणालो. ऐकेना.

२५ जानेवारी
बसने जामखेड सोडलं असणार. फोन लागत नाही—
'निकिता, स्वयंपाकघर'. ती इथे नाही. आणि स्वयंपाकघरात पाट सरकल्याचा आवाज. पुन्हा.

खेळ बंद केला तरी तक्ता उघडाच. तिसऱ्यात कुणीतरी हवंच ना त्याला. असू दे. माझी ओळ नि तिची ओळ— अदलाबदल केली. दुसरी निकिता, जागा एसटी. तिसरा मी.

आवाज थांबला.

तिचा मेसेज. कापरं एकदम गेलं, स्टँडवर उतरलेय, चालतच येते. सुटली पोर.

माझ्या नावापुढे 'बाहेरची खोली'. मी तिथेच तर बसलोय. आता बदललं— 'खुर्चीमागे'.

मान गार पडलीय. त्याला नाव नव्हतं, आता माझं मिळालं.

निकिता, बाळा, घरात येऊ नको. मालनबाईंकडे थांब. दार उघडायला जो येईल तो माझ्यासारखा दिसेल, त्याला आजोबा म्हणू