काळ्या मातीतले नऊ खांब

४ सप्टें., गुरुवार
सकाळ छान गेली. इथे जपानातल्या ऑफिसच्या खिडकीतून तोयोसुची खाडी स्वच्छ दिसत होती. दुपारी झांबियाहून चिलेशेचे दोन फोटो आले. तांब्याच्या खाणीवरची आमची साइट इंजिनियर ती. खाणीतून कारखान्यापर्यंत दगड नेणारा लांबच लांब कन्व्हेयर बेल्ट, त्याचे खांब आमच्या डिझाइनचे. वाटेत एक सपाट गवताळ पट्टा लागतो, तिकडे त्याला दांबो म्हणतात. पावसात पाणथळ, सध्या खडखडीत कोरडा. त्यात नऊ खांब, २२ ते ३०. पाये भरून झालेत.
पहिल्या फोटोत २६ नंबरच्या खांबाशेजारच्या भेगेत चिलेशेने पेन उभं धरलंय. दुसऱ्यात पेन नाही. खाली लिहिलंय, "पेन गेलं."
मी परभणीचा. फोटो दोनदा बघायची गरज नव्हती.

५ सप्टें.
चिलेशेला फोनवर सांगितलं, ती माती कुटून काचेच्या ग्लासात दोन बोटं भर, वर पाणी घाल, उद्या बघ. म्हणाली, "लॅबला पाठवू?" पाठवच, पण ग्लास आजच.
जुना बोअरिंग रिपोर्ट काढला. भोकं उन्हाळ्याच्या दिवसांत मारलेली. "अत्यंत कडक चिकणमाती." असणारच, वाळली की तिच्यावरून कुदळ उडते. रंगाच्या रकान्यात "डार्क ग्रे". हे सगळं मी मार्चमध्ये वाचलं, मातीच्या ताकदीचा आकडा बघून खूश झालो आणि उथळ पाये चालतील म्हणून शिक्का मारला.

६ सप्टें., शनिवार
दोन बोटांची साडेतीन बोटं झाली. ग्लासाचा फोटो आला.
फुगणारी माती. पाऊस पडला की नऊच्या नऊ खांब वर उचलणार, तेही एकसारखे नाही. बेल्ट वाकडा होणार, दगड खाली. खाली माणसं असतात.

७ सप्टें., रविवार
मृणाल म्हणाली, "सकाळपासून तिसऱ्यांदा कचरा वेगळा करतोयस. काय झालंय?" बायकोपासून काही लपत नाही. सांगितलं.
"उद्या ऑफिसात बोलणार ना?"
म्हटलं, पहिल्या पावसात फारसं काही होत नसतं. दोन-तीन वर्षं...
"आणि मग?"
लेक ईरा शेजारी होमवर्क करत होती. मान वर न करता जपानीत म्हणाली, सॉरी म्हण ना पापा, संपलं. नऊ वर्षांची आहे, तिचं सगळं लगेच संपतं.
खरी लाज वेगळीच आहे. ड्रॉइंगवर शिक्क्यांचे पाच चौकोन, माझा मधला, "तपासले". आमच्याकडे ज्युनिअरने शिक्का जरा तिरका मारायचा, साहेबाच्या शिक्क्याकडे वाकून नमस्कार केल्यासारखा. माझा व्यवस्थित वाकलाय. अकरा वर्षांत एवढी रीत अंगात मुरली. इथली माणसं भूकंपात इमारत डोलवून परत उभी करतात, पण वाळून भेगाळणारी माती त्यांच्या वाट्याला येत नाही. इथे जमीन तेवढी वाळतेच कधी? अख्ख्या ऑफिसात ती ओळखणारा एकच माणूस, आणि तोच आकडा बघून खूश झाला.

९ सप्टें., मंगळवार
काल धीर झाला नाही. आज सांगितलं. कावामुरा-सान, आमचे विभागप्रमुख, येत्या मार्चमध्ये निवृत्त होतायत. त्यांचा हा शेवटचा मोठा प्रकल्प. डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय असं वाटलं.
मग म्हणाले, "पेनाचा फोटो पुन्हा दाखवा." बराच वेळ बघितला. "पाठक-सान, ही माती तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"
"लहानपणापासून. आमच्या गोट्या जायच्या भेगांत."
"मग मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही."
शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. हे ऐकायची नव्हती. टॉयलेटमध्ये जाऊन तोंड धुतलं.

१२ सप्टें., शुक्रवार
खाणवाल्यांशी व्हिडिओवर मीटिंग. चूक आमची, नऊही पाये फोडायचे, नवे आम्ही देतो, असं कावामुरा-सान स्वच्छ बोलले आणि कॅमेऱ्यासमोर उभे राहून इतके वाकले की पडद्यावर नुसतं टक्कल. मीही शेजारी वाकलो. ते उठेपर्यंत उठायचं नसतं, आणि ते उठेचनात. नंतर चिलेशेने कळवलं, तिथल्या एकाने घाबरून विचारलं होतं, म्हाताऱ्याला बरं वाटतंय ना?
पाये फोडायला खाणवाले हो म्हणाले. पण बेल्टचं नोव्हेंबरअखेरचं उद्घाटन हलणार नाही. आणि त्याच्या सुमारास पाऊस.

२६ सप्टें.
नवं डिझाइन गेलं. खोल पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले काँक्रीटचे खुंट, खाली कांद्यासारखा फुगवटा. माती वर कितीही फुगो, तो फुगवटा खालच्या घट्ट थरात पाय रोवून बसतो. वरचा बीम जमिनीपासून वीतभर उचलून, म्हणजे मातीला फुगायला जागा. आपल्याकडे काळ्या रानात हे नेहमीचंच. इथल्या तरुण पोरांनी पहिल्यांदा पाहिलं. कोंडाळं करून प्रश्नावर प्रश्न. दोन तास फळ्यापाशी बोलत होतो, जेवण राहिलं. मजा येतेय, खोटं कशाला बोलू.

१९ ऑक्टो., रविवार
उद्या पहिली आंघोळ. घरभर चकलीच्या तळणाचा वास. मृणालने यंदा निशी-कसाई या इथल्या भारतीय वस्तीतल्या दुकानातली भाजणी आणली, तरी चकल्या तुटल्या नाहीत, म्हणून खुशीत आहे.
परभणीला बाबांना फोन. ते पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. सगळं सांगितलं. "बाबा, तुम्ही असता तर पहिल्या दिवशी ओळखलं असतं." त्यांनी पलीकडे टीव्हीचा आवाज बंद केला.
"नदीकडच्या रस्त्यावरची मोरी आठवते तुला? दुसऱ्या पावसाळ्यात उचलली होती."
"कंत्राटदाराची ना?"
"कंत्राटदाराने मी सांगितलं तसंच बांधलं होतं. मी गप्प बसलो. त्याचं नाव सरकारी यादीतून गेलं." मग म्हणाले, "तू बोललास, बरं झालं. फराळ झाला का सगळा?"
चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आजपर्यंत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्यावर राग आला नाही. इतके दिवस एकट्याने सांभाळलं त्यांनी, याचं वाईट वाटलं.

७ नोव्हें., शुक्रवार
पाऊस आधीच आला. चिलेशेने पत्र्यावरचा आवाज फोनवर ऐकवला. दांबोत ड्रिलिंगची मशीन रुतली. २२ ते २८ नव्या पाइलवर झाले, सात. २९ आणि ३० अजून जुन्याच पायांवर. आता कोरडं होईपर्यंत तिथे काही करता येणार नाही.
नऊपैकी सात. सप्टेंबरात कोणी देऊ केले असते तर आनंदाने घेतले असते.

११ नोव्हें., मंगळवार
खाणवाल्यांचं म्हणणं, दोनच तर आहेत, बेल्ट चालू करा. पूर्ण नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायची छाती नाही. शेवटी मार्ग असा निघाला: दोन्ही खांबांखाली माणसांना बंदी, वर कमी भार, रोज मोजणी, आणि ठरावीक उचल झाली की बेल्ट बंद. किती उचल? कावामुरा-सान माझ्याकडे वळले. "आकडा तुम्ही सांगा."
दहा मिलिमीटर, म्हटलं. हिशेब करून म्हटलं. कागदावर एकच चौकोन, त्यात माझाच शिक्का.
पावसाळाभर तिथे राहून मोजणार कोण? ज्युनिअर पाठवायची पद्धत आहे. मी हात वर केला.
मृणाल म्हणाली, "मला माहीतच होतं. गमबूट धुऊन ठेवलेत." ईरा मराठीत बोलली, जे ती कधी करत नाही: "पापा, किती दिवस?" चार महिने, म्हटलं. तिने बोटांवर मोजले.

१४ नोव्हें., शुक्रवार
मंगळवारचं विमान. आज निरोपाला कावामुरा-सान नूडल्सच्या दुकानात घेऊन गेले. कामाचं अवाक्षर नाही, त्यांच्या कुत्र्याबद्दलच बोलले. मन हलकं झालं.
संध्याकाळी चिलेशेचा फोन. २२ ते २८ जागच्या जागी, शून्य. २९ ची उचल चार मिलिमीटर, ३० ची सहा. पाऊस थांबलेला नाही.
तिने विचारलं, "उद्घाटनाच्या दिवशीच दहा झाले तर? मंत्री येणार आहेत."
"तर मंत्र्यांसमोर बंद करायचा."
हसली. मग म्हणाली, "आणि बटण कोण दाबणार?"
"मी असेन ना तिथे."