अंगठ्याचे शुद्धिपत्र

नाहूर, दि. ८ जून १९८६

स्वस्ति श्री सकलगुणमंडित, रुग्णपरिचर्याधुरंधर, सूचिवेधनिपुण, मस्कतनिवासिनी, नाहूरस्थ द्विखोली-साम्राज्याच्या अनुपस्थित सम्राज्ञी, लोणच्याच्या बरणीच्या एकमेव अधिकृत उद्घाटिका सौ. वनमालादेवी यांच्या चरणी मुद्रितशोधकशिरोमणी, अनुस्वाररक्षक, ऱ्हस्वदीर्घशासक चंद्रप्रकाश याचे यथासांग वंदन.

प्रिय वनमाला,

पदव्यांची वरात संपली. आता प्रस्तुत विषय. विषय आपल्या कन्येचा उजवा अंगठा हा आहे. तू म्हणशील, त्यावर मागच्याच पत्रात पडदा पडला होता. तो थोडा वर करतो.

गेल्या महिन्यात जेवताना माझ्या ध्यानात आले, की राधा पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडत नाही, दाढेकडे नेते. मी तिला दात मिटायला सांगितले. दाढा मिटल्या, पण पुढे वरच्या आणि खालच्या दातांमध्ये एक गवाक्ष तसेच उघडे राहिले. त्या गवाक्षाचे माप कशावरून घेतले आहे, हे कळायला पांडित्य लागत नाही.

मग मुलुंडला, पाच रस्त्यावरच्या दंतवैद्य जयंतीबाईंकडे गेलो. त्यांनी आरसा घालून पाहिले आणि म्हणाल्या की हिचा बाइट उघडा आहे. मी अत्यंत गांभीर्याने निवेदन केले, की कन्येने आजवर कोणाचाही चावा घेतलेला नाही; दोन वर्षांची असताना माझा घेतला होता, परंतु ते प्रकरण आपसांत मिटले. बाई हसल्या, मग समजावून सांगितले. दाढा मिटल्यावर पुढचे दात एकमेकांना भेटत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. अंगठ्याने वरचे दात पुढे ढकलले आहेत, खालचे आत. अद्याप वरचे दुधाचेच आहेत. वर्षभरात पक्के येऊ लागतील. त्याआधी सवय सुटली तर फट बहुधा आपोआप मिटेल, नाहीतर पुढे तारा बांधाव्या लागतील. शेजारच्या प्रेमाकाकूंच्या सल्ल्याने मी कारल्याचा रस लावत होतो, तो त्यांनी बंद करायला लावला. तो तसाही निष्फळ ठरला होता. सातव्या दिवशी राधाने कारल्याची भाजी मागून घेतली.

शेवटी बाईंनी विचारले, ही सवय कधीपासून. मी जन्मापासून म्हणालो आणि लगेच स्वतःची चूक दुरुस्त केली. साडेतीन वर्षांची असताना तिने अंगठा आपणहून सोडला होता, तुला आठवत असेल. पुन्हा धरला तो गेल्याच्या गेल्या दिवाळीनंतर, तुला सहारच्या विमानतळावर सोडून आलो त्या आठवड्यात. बाईंनी तेवढे कागदावर लिहून घेतले.

आता माझा पराक्रम ऐक. चाव्याचा तो विनोद मला स्वतःला इतका आवडला, की परतताना जिन्यात प्रेमाकाकूंना सांगितला. त्यांच्या हातात दळणाचा डबा होता, त्यांनी अर्धाच ऐकला. दुसऱ्या दिवशीपर्यंत सगळ्या इमारतीला कळले होते, की राधाला डॉक्टरकडे नेले, कारण ती चावते. कुंदाच्या आईने कुंदाला ठिकरीच्या खेळातून हात धरून वर नेले. राधा खाली एकटीच चौकोनांत उभी राहिली, आणि अर्थातच अंगठा तोंडात गेला.

वीस वर्षे लोकांच्या चुका सुधारणारा मी, स्वतःच्या चुकीपुढे स्वस्थ कसा बसणार? छापखान्यातली सवय. जिन्याखालच्या फलकावर स्वहस्ताक्षरात शुद्धिपत्र लावले: ‘आमच्या कन्येविषयी प्रसृत झालेल्या वार्तेत “चावते” असे पडले आहे, तेथे “चोखते” असे वाचावे.’ सोसायटीच्या सचिव काशीरामांनी वाचून पाठ थोपटली. मी दिवसभर प्रसन्न होतो.

संध्याकाळी राधा खाली खेळायला उतरली. तिला आता जोडाक्षरेसुद्धा वाचता येतात. मुले फलकाभोवती जमली होती, तीही गेली आणि बोट ठेवून संपूर्ण वाक्य वाचले. तिने आयुष्यात सलग वाचलेले ते पहिले मोठे वाक्य असावे. चावणारीला मुले भीत तरी होती; चोखणारीला बाळ म्हणून चिडवू लागली. कागद तिने स्वतःच काढला, घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “बाबा, हे आईला पाठवू नका ना. मग ती येणारच नाही.”

मला अर्थ लागेना. विचारत गेलो तेव्हा कळले, की विमानतळावर आत जाताना तू तिच्या कानात सांगितले होतेस, अंगठा सोडलास की मी आलेच. तू निरोपाच्या घाईत बोललीस. तिने ते अक्षरशः धरून ठेवले आहे. दुपारी ती अंगठा उशीखाली दाबून झोपते. झोप लागली की तो आपला मार्ग शोधतो. जाग आली की आधी अंगठा ओला आहे का ते पाहते, आणि ओला असला की फ्रॉकला पुसून टाकते.

म्हणून हे पत्र. एप्रिलमध्ये मी तुला लिहिले, ‘राधाने अंगठा सोडला.’ ते असत्य होते. परक्या मुलखात तुला घोर नको, एवढाच त्यामागचा हेतू. त्यावर तुझे उत्तर आले, की आता जीव निश्चिंत झाला, आणखी दोन वर्षांच्या करारावर या महिनाअखेर सही करते. इथली पोर अंगठा सुटला की आई येईल म्हणून झटते आहे, आणि तू तो सुटला म्हणून तिथे राहते आहेस. ही गाठ माझ्या एका वाक्याने पडली. तू ये, असे मी लिहीत नाही. मुद्रितशोधकाने मजकूर बदलायचा नसतो, चूक तेवढी दाखवायची असते. तर मागील पत्र, ओळ चौथी: ‘सोडला’ या ठिकाणी ‘सोडलेला नाही’ असे वाचावे. सही त्यानंतर करावी अथवा न करावी.

तुझाच,
चंद्रप्रकाश

ता. क. फलकावर कागद लावायला मी स्वतःच्या चार पिना वापरल्या होत्या, पितळी, चांगल्या. राधाने तीनच आणून दिल्या. चौथी प्रेमाकाकूंच्या कॅलेंडरवर मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या म्हणतात, ती त्यांच्या माहेरची.