नाव घेऊन थांबायचं

बाबा, आज माझ्या मुलीच्या पुस्तकात ममीचा धडा निघाला आणि मला आपलं सौदीतलं, धाहरानचं स्वयंपाकघर आठवलं. मी सातवीत. टेबलावर शाळेच्या लायब्ररीतलं इजिप्तचं पुस्तक. तुम्ही हॉस्पिटलच्या शवागारातून ड्युटी संपवून आलेले, तीनदा हात धुऊनही फॉर्मलिनचा वास गेलेला नाही. ‘वाच बघू, मराठीत सांग,’ म्हणता. मी सांगते: प्रेत कितीतरी दिवस मिठात सुकवत, मेंदू काढून टाकत, पण काळीज आतच ठेवत, परलोकात ते पिसाशी तोलायचं असे. ‘म्हणजे सुकं म्हावरंच की!’ तुम्ही हसता. ‘आम्ही सुईने औषध भरतो, ते मीठ लावत. माणूस नीट पोचायला हवा, एवढंच.’ मग मी पुढचं वाचते, की ज्याचं नाव कोणी घेत नाही तो दुसऱ्यांदा मरतो, आणि तुमचा घास हातातच राहतो.

तुमच्याकडे आलेली माणसं इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, नंबरावर ओळखली जात. दुसऱ्या दिवसापासून मायदेशी जाणाऱ्या प्रत्येक पेटीचं झाकण लावण्याआधी तुम्ही आतल्या माणसाचं नाव घेऊ लागलात, गावासकट. शवागारातला तुमचा मिसरी, म्हणजे इजिप्तचाच, सोबती हसायचा. ते आमचे फार जुने लोक, खलास, म्हणायचा. ‘नाव घेतलं की जरा थांबायचं,’ तुम्ही मला सांगितलंत. ‘ओ येत नाही. पण हाक मारून लगेच पाठ फिरवणं बरं दिसत नाही.’ मी तोंड वाकडं करून म्हणाले, ‘बाबा, दे आर डेड.’ शाळेत तर मी तुम्ही क्लार्क आहात असंच सांगायचे. त्याची लाज अजून वाटते.

मग कुवेतचं प्रकरण पेटलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून तुम्ही आम्हा दोघींना गावी पाठवलंत. फोनवर आईने किती विनवलं! ‘शवागारातल्या तिघांचे कागद व्हायचेत,’ तुम्ही म्हणालात, ‘त्यांना टाकून कसा येऊ?’ विमानं बंद झाली. सायरनच्या त्या दिवसांत तुमच्या छातीत कळ आली आणि चौथे तुम्हीच झालात. लढाई थांबल्यावर पेटी आली, त्या मिसरी सोबत्याने बंद केलेली. झाकण लावताना त्याने तुमचं नाव घेतलं का, हे मी कधी विचारलं नाही. तो नाही म्हणाला असता तर मला सोसलं नसतं.

आई तर तुमचं नाव कधीच घेत नसे. पुढे माझं लग्न झालं, माझ्या नावापुढचं तुमचं नाव गेलं आणि तिथे नवऱ्याचं आलं. शेवटचं ते कोणी उच्चारलं, मला आठवत नाही. फार आठवण येते हो तुमची.

या कागदावरही मी ते लिहिलेलं नाही आणि हा कागद कुठे जायचाही नाही. पण आज मुलगी शिकवणीला गेल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून तुमचं नाव घेतलं, मोठ्याने, गावासकट. मग थांबले. कुकर गार झाला तरी थांबले, बाबा. मला खरंच वाटत होतं, ओ येईल.