लग्नात दिलेली मशीन

९ नोव्हेंबर

आशूचा फोन आला दुपारी, सासूबाई शेतात गेल्यावर. वॉशिंग मशीन बंद पडली. आठवडाभर खडखडत होती, आज ड्रम फिरायचाच थांबला. आत चादरी आणि पाणी तसंच. बादलीनं उपसून काढलं म्हणे. चौथा महिना लागलाय आणि बाई बादल्या उपसतेय. मी ओरडले तर म्हणाली, "आई, हळू बोल. इथं भिंतीला भिंत हाय."

बाबांना सांगू नको, हे दोनदा बजावलं. हे कंपनीतून आले आणि बूट काढायच्या आत मी सांगून मोकळी. माझ्या पोटात काही राहत नाही, तिलाही ठाऊक आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात लग्न झालं, तेव्हा दिलेली मशीन. अजून पुढच्या काचेवरचा स्टिकर निघाला नव्हता.

१२ नोव्हेंबर

हे सुट्टी टाकून गुलमंडीवरच्या दुकानात गेले. घ्यायला गेलो होतो तेव्हा याच दुकानदारानं थंड पाजलं होतं. "ताई, पोरीला दहा वर्षं बघावं लागणार नाही." आज म्हणाला, गॅरंटी एक वर्षाची होती, संपली, कंपनीला फोन लावा. बसा सुद्धा म्हणाला नाही.

ह्यांची सगळी नोकरी वाळूजला तपासणी खात्यात गेली. सुटा भाग हातात घ्यायचा, बघायचा, बरोबर नसेल तर लाल खूण करून परत पाठवायचा. माल खराब असेल तर तो बनवणाऱ्याकडे परत जातो, यावर ह्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा. आज बिल पुढ्यात ठेवून बसून राहिले. आमच्या बजाजनगरात पाणी यायचा वार होता, टाकी वाहून गेली तरी उठले नाहीत. मीच गेले कॉक बंद करायला.

२१ नोव्हेंबर

कंपनीचा मेकॅनिक एकदाचा आशूच्या सासरी, देवगाव रंगारीला पोचला. ड्रमच्या मागं जो आधार असतो तो खाऱ्या पाण्यानं खाल्लाय, तुकडे पडलेत. बदलायला निम्म्या मशीनचे पैसे. वर ऐकवून गेला की पाणी खारं आहे ही तुमची चूक.

हे फोनवर त्याला म्हणाले, "अख्ख्या गावाला बोअरचंच पाणी आहे. विकताना विचारलं होतं का, कुठल्या पाण्यात चालवणार?" त्यानं फोन आशूकडं परत दिला.

मागून विहीणबाईंचा आवाज आला, मुद्दाम मोठ्यानं. "सस्त्यातली घेतली असंल. जाऊ द्या, आमच्या हाताला काय झालंय, आम्ही कुठं मशिनी बघितल्या व्हत्या."

हात त्यांचे नाहीत. हात आशूचे आहेत. घरात सात माणसं, सगळ्यांचे कपडे तीच धुते. त्यासाठीच तर मशीन दिली होती.

६ डिसेंबर

क्रांती चौकाजवळ शेळके सर म्हणून आहेत, बँकेतून रिटायर झालेले. संध्याकाळी ग्राहकांच्या तक्रारी लिहून देतात, पैसे घेत नाहीत. हे त्यांच्याकडे जाऊन आले आणि बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी खाल्ल्या. सर म्हणाले, गॅरंटी संपली म्हणजे कंपनीची जबाबदारी संपली असं नसतं. वस्तू जितकी टिकायला पाहिजे तितकी टिकली नाही, तर तो मालातला दोष. आधी नोटीस, मग ग्राहक आयोग.

मला बरं वाटलं. आणि उगाच भीतीही वाटली, कशाची ते कळेना. ह्यांना बोलले नाही.

३ जानेवारी

नोटिशीला उत्तर आलं, दोन ओळींचं. क्षारयुक्त पाणी, वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा. हे "निष्काळजीपणा" हा शब्द दिवसभर घोळवत होते. उद्या तक्रार दाखल करणार.

१८ जानेवारी

देवगावला जाऊन आले, ओटी भरायला. मुद्दाम न सांगता गेले. आशू मागच्या अंगणात हौदाजवळ उकिडवी बसून गोधडी घासत होती. सहावा महिना. डॉक्टरनं कन्नडला सांगितलंय की वार खाली आहे, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मला बघितलं आणि साबणाचे हात पाठीमागं घेतले, लहानपणी चिखल लपवायची तसे.

"कशाला सांगत नाहीस घरात?" म्हटलं.

"सांगितलं. आत्या म्हणल्या, आम्ही नवव्यात खुरपायला जात व्हतो." सासूला ती आत्या म्हणते.

मग मीच बसले आणि ती गोधडी पिळली. विहीणबाई आल्या तशा म्हणाल्या, "अवो, तुम्ही कशाला? पाव्हण्या तुम्ही." चहा चांगला केला. बोलायला गोड आहेत, खोटं कशाला लिहू.

मशीन ओट्यावर उभी आहे. तिच्यावर कांद्याची टोपली ठेवलीय.

येताना बसमध्ये पदर डोळ्याला लावून बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, मयतीला चाललात का.

१६ फेब्रुवारी

आज वाईट झालं.

कंपनीचा तज्ज्ञ मशीन बघायला देवगावला गेला, हातात ह्यांच्या तक्रारीची प्रत. त्यात लिहिलंय की सदर यंत्र तक्रारदाराने मुलीच्या विवाहात देण्यासाठी खरेदी केले. लिहावं लागलं, नाहीतर बिल बजाजनगरच्या पत्त्यावर आणि मशीन देवगावला, हे जुळणार कसं? त्या माणसानं ओट्यावर, चार शेजाऱ्यांपुढं, आमच्या जावयांना, योगेशरावांना विचारलं, "म्हणजे हुंड्यातली का ही?" आणि हसला.

जावई झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत. लग्नानंतर नोकरीत लिहून दिलंय की हुंडा घेतला नाही.

रात्री त्यांचा फोन. एरवी मामा मामा करतात. आज म्हणाले, "मामा, तुम्ही सरकारी कागदावर काय लिहून बसलात? उद्या कुणी हेच पान माझ्या साहेबाला दाखवलं तर? नोकरी घालवता का माझी?"

हे म्हणाले, "मी मशीनबद्दल लिहिलंय, तुमच्याबद्दल नाही."

"एकच हाय ते," म्हणाले आणि फोन कट.

१७ फेब्रुवारी

झोप नाही. लग्नाची बैठक आठवत राहिले. व्याही बोलले होते, "आम्हाला रुपया नको. पोरीच्या संसाराला काय लागतं ते तुम्हाला कळतंच." मग त्यांच्या भाच्यानं सहज म्हणून सांगितलं की गावात अमक्याच्या सुनेनं पुढून दाराची मशीन आणली. सगळे हसले. आम्हीही हसलो. येताना गाडीत ह्यांनी मला विचारलं, पुढून दाराची म्हणजे कुठली गं?

मागितली नाही. फक्त सांगितली. आणि आम्ही आपल्या मनाला सांगितलं, भेट आहे. दोन्हीकडं भेट म्हणूनच चाललं होतं. बिघडली नसती तर जन्मभर भेटच राहिली असती. आता मशीनचा न्याय मागायचा तर ती तिथं कशी गेली हे तोंडानं बोलावं लागतंय, आणि ते कुणालाच नकोय. मलाही नकोय.

१ मार्च

आशूला बाळंतपणाला आणायला गेलो. पहिलं माहेरीच असतं, आठवा लागायच्या आत आणायचं ठरलेलं. ह्यांनी शेजारच्याची गाडी भाड्यानं घेतली, मागच्या सीटवर मी गादी घातली, उशी ठेवली.

विहीणबाई दारातच. "आधी ते कोर्टाचं मिटवा. मग न्या. आमच्या घरात आजवर कुणी कोर्टाची पायरी चढलं नाय. पोराच्या अन्नात माती कालवायला निघालात व्हय?"

व्याही खाली मान घालून तंबाखू मळत होते. जावई शाळेत. आशू आतल्या खोलीच्या दारात उभी, चेहरा सुजलेला. हे म्हणाले, "पोरीची तब्येत बघा तरी."

"आमची बी सून हाय ती. आम्ही काय तिला मारतोय का?"

आशू एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही जा आता. मी बघते."

गादी तशीच मागच्या सीटवर. 

४ मार्च

भांडण. मी म्हटलं मागं घ्या. हे म्हणाले, "त्यांनी खराब माल विकला, तोंड मी लपवायचं?" मी म्हटलं, तुमच्या लाल खुणेपायी पोरगी तिकडं मोरीत मरंल. बोलायला नको होतं. पण मला कंपनी नको, न्याय नको, मशीन नको, मला आशू ह्या घरात, ह्या पलंगावर पाहिजे. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

हे उठून गच्चीवर गेले. मी गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला हुक लावत बसले, उलट्या बाजूला लावले, सगळे उसवले.

आशू फोन उचलत नाही. मेसेज येतो, बरी आहे.

१० मार्च

मागं घेतली.

शेळके सरांनी अर्ज लिहून दिला, पण नाखुशीनं. म्हणाले, तारीख जवळ आलीय, कंपनी तडजोडीला येईल असं वाटतंय, तज्ज्ञाच्या अहवालात मशीन नीट वापरली असंच आलंय. हे नुसती मान हलवत होते. सर म्हणाले, "पुन्हा दाखल करायची परवानगी मागून ठेवतो. आणि वापरणारी तुमची मुलगी आहे, कायद्यानं तीही ग्राहकच. तिचं काय म्हणणं आहे?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. हे म्हणाले, "तिला कशाला ह्यात ओढायचं."

आयोगात पाच मिनिटांत झालं. कंपनीच्या वकिलानं ह्यांच्याशी हात मिळवला. ह्यांनी बाहेर येऊन नळावर हात धुतले. मला हसूही आलं नाही.

संध्याकाळी जावयांना कळवलं. "बरं केलं मामा. परवा येऊन न्या तिला." पुन्हा मामा.

१२ मार्च

आशू आली. पाय सुजलेत, हाताची सालटं गेलीत. दवाखान्यात दाखवलं, बाळ ठीक आहे, पण आता पडून राहायचं. विहीणबाईंनी निघताना ओटी भरली, डोळ्यात पाणी आणलं, खरं असेलही. ह्यांनी येताना वाटेत तिच्यासाठी शहाळं घेतलं. ती प्यायली नाही.

मला वाटलं होतं ती आली की छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही.

१३ मार्च

ती दिवसभर भिंतीकडं तोंड करून. बोलत नाही. डोक्याला तेल लावलं, लावू दिलं. ह्यांना वाटतंय प्रवासानं थकली. मला तसं वाटत नाही.

१५ मार्च

आज बोलली. हे जेवत होते, मी वाढत होते.

"बाबा, तक्रार मागं का घेतली?"

ह्यांनी घास खाली ठेवला. "तू घरी यावीस म्हणून गं."

"मी येणारच होते." शांतपणे म्हणाली. राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही रिकामे गेलात त्या दिवशीच मी ह्यांना सांगितलं, नाही पाठवलं तर मी एस.टी.नं जाईन. सगळ्या गावासमोर स्टँडवर बसून राहीन. बॅग भरली होती. नऊ तारखेला ह्यांनी आत्यांना सांगितलंही, आता तिला अडवायला नको. दोन दिवसांत निघणार होते. तेवढ्यात तुमचा फोन आला, मागं घेतली म्हणून."

मी म्हटलं, "मग फोन का नाही उचललास? एक शब्द सांगितला असतास तर?"

"तुला सांगितलं की लगेच बाबांना कळतं. बाबांना कळलं की लगेच गाडी. मला एकदा माझं माझं निघून यायचं होतं आई."

 आमटी गार झाली.

मग म्हणाली, "तुमचा फोन आला तेव्हा सगळे ओट्यावर होते. आत्या म्हणल्या, बघ, दाबलं की ऐकत्यात. मला बाळाला घेऊन परत तिथंच जायचंय, बाबा."

ह्यांनी ताट तसंच ठेवून हात धुतला. अन्न टाकणारा माणूस नाही हा.

१६ मार्च

हे कामावर गेले. मी शिलाईचं काम काढलं, एक टाका सरळ पडेना. माझ्या पोटात काही राहत नाही, हे मी आयुष्यभर हसत हसत सांगत आले. माझ्या पोरीनं त्याच्यापायी माझ्याशी बोलणं टाळलं, आणि मी समजत होते की सासरचे बोलू देत नाहीत. काय लिहू पुढं.

१८ मार्च

सकाळी आशूनं ह्यांच्याकडं शेळके सरांचा नंबर मागितला. हे म्हणाले, "आता विश्रांती घे, बाळंतपण होऊ दे."

"नंबर मागतेय मी फक्त."

ह्यांनी चष्मा लावला, मोबाईलमध्ये शोधला, एकेक आकडा वाचून दाखवला. तिनं लिहून घेतला. योगेशराव काय म्हणतील, नोकरीचं काय, परत गेल्यावर काय, हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं. मी उठून कणीक मळायला घेतली.

दुपारी तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज आला, हळू. सरांशी होती की नवऱ्याशी, कळलं नाही. दार लोटलेलं होतं. मी बाहेर उभी राहिले आणि मग परत शिलाई मशीनवर येऊन बसले. हे आल्यावर विचारत होते, काही बोलली का ती. मी म्हटलं, मला काही माहीत नाही.