बिनआवाजाची कॉफी

मंगळवार, १० मार्च

मिक्सर बाद! चटणीच्या भांड्यात कॉफी दळायची नाही, हे आज कायमचं कळलं. अर्धी पूड पिठासारखी, अर्धी भरड. मशीनचं हँडल दाबलं तर एका बाजूने काळं पाणी भसकन आलं, दुसरीकडून टिपूस नाही. चव जळक्या लाकडाची.

आणि त्यात माझा नवरा दानियल उठला. रात्रभर स्टेशनवर पॉइंट्समनची, गाड्यांचे रूळ बदलायची, ड्युटी करून साडेनऊला झोपलेला माणूस, दुपारी एकला स्वयंपाकघराच्या दारात! डोळे लाल.

"काय दळतेस?"

"तुझी झोप," म्हटलं.

हे सगळं पौलसमुळे. माझा धाकटा भाऊ, सुरतेत कॅफेत होता. मालकाने कॅफे बंद करताना त्याला हे छोटं एस्प्रेसो मशीन दिलं, त्याने ते नाताळात मला दिलं. हाताने दाबायचं आहे, मोटार नाही, त्यामुळे मशीनचा आवाज शून्य. पण त्याला ताजी दळलेली पूडच लागते. "ताई, पाकिटातली कॉफी म्हणजे मेलेली कॉफी!" — अठरा वर्षं मास्तरकी केलेल्या बाईला हा शिकवतो. आणि त्याचं खरं आहे, हा खरा त्रास.

गुरुवार, १२ मार्च

आज हसायचा दिवस नाही. दानियलची रेल्वेच्या डॉक्टरकडे तपासणी होती. बीपी दीडशे–सत्त्याण्णव.

"झोप किती होते?"

"चार तास."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सहा एप्रिलला परत या म्हणाले. तोवर बीपी उतरलं नाही तर पॉइंट्सचं काम बंद, नंदुरबारला टेबलावर बसायचं. टेबलावर! दानियल आणि टेबल! गाडी जाताना झेंडा घेऊन उभं राहायचं, एकेक डबा नजरेखालून घालायचा — यातच त्याचा जीव आहे.

चार तास का, तर एकला मी दळते म्हणून. दोष माझा. महिनाभर रात्रपाळी त्याच्याकडेच आहे आणि माझी आता सकाळची शाळा. तो साडेआठला घरी येतो तेव्हा मी डोंगराकडच्या शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावत असते. साडेबाराला परत येते. हात-पाय धुऊन, दोन घास खाऊन एकला कॉफी. दिवसभरात माझी म्हणून तेवढीच एक गोष्ट. संध्याकाळी तो उठला की मी चर्चमध्ये, ईस्टरच्या गाण्यांच्या सरावाला. मी परतले की तो डबा घेऊन ड्युटीला.

सोडून देऊ कॉफी? पास्टर म्हणालेत, लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आवडीचं काहीतरी सोडा. मी साखर सोडली आहे. कॉफीचं नाव मी काढलेलं नाही, त्यांनीही काढू नये.

ठरलं. कॉफी राहणार, आवाज जाणार.

शनिवार, १४ मार्च

मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. सगळं मोजत सुटले. मिक्सर — ८९ डेसिबल. चौथीचा वर्ग, मी पाच मिनिटं बाहेर गेल्यावर — ९३! स्वयंपाकघराच्या खिडकीत, मालगाडी जाताना — ८६.

आता यात गंमत बघा. मालगाडी गेली की फळीवरचे डबे नाचतात, भांड्याला भांडं लागतं, आणि हा घोरतो. कूससुद्धा बदलत नाही. मिक्सर तिच्यापेक्षा जेमतेम तीन आकडे जास्त, तर ताडकन उठतो. सवयीचा आवाज कानाला लागत नाही, नवा लागतो — असं मी मुख्याध्यापकांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, हजेरीपट राहिलाय."

सोमवार, १६ मार्च

पौलसने त्याच कॅफेतला जुना ग्राइंडर सुरत पॅसेंजरने पाठवला. एवढं धूड! मगनने उतरवून घेतला. हा दानियलच्या जोडीचा, दिवसपाळीचा पॉइंट्समन. म्हणाला, "वहिनी, घरमा गिरणी टाकी का काय?"

यात मिक्सरसारखं पातं नाही. दोन दातेरी चकत्या आहेत, बिया त्यांच्यामधून भरडत खाली येतात. चकत्या जवळ आणल्या की पूड बारीक, लांब नेल्या की जाड. पौलस व्हिडिओ कॉलवर, मी हातात चमचा घेऊन. पहिल्यांदा इतकी बारीक पडली की हँडल दाबताना घाम फुटला, थेंब येईना. दोन खुणा मागे आणलं. आणि मग — मधाच्या रंगाची, उंदराच्या शेपटीएवढी बारीक धार! पंचवीस सेकंद! वर तांबूस साय! एकटीच टाळ्या वाजवणार होते.

वळले तर दानियल दारात. ८१ डेसिबल.

उंबऱ्यावरच बसला. कॉफी घेत नाही तो, "कडू औषध" म्हणतो. कुठली गाडी किती लेट, कोण बाई कोंबड्या घेऊन चढत होती आणि एक कशी सुटली — वीस मिनिटं हेच. मला हसू आवरेना. मग सहा एप्रिल आठवला आणि ओरडलेच, "जा, झोप!" गेला बिचारा.

बुधवार, १८ मार्च

समोरच्या शकीलाभाभींचे अनीसभाई गाद्या-रजया भरतात. त्यांच्याकडून ग्राइंडरला रजई शिवून घेतली. खरंच! चांगली दोन बोटं जाड, वर फुलाफुलांचं कापड, बटणापुरतं भोक.

शकीलाभाभी पोट धरून हसल्या. "टीचर, उन्हाळ्यात मशीनला थंडी वाजते?"

८१ वरून ७० वर आला. मी विजयी. पण तिसऱ्या मिनिटाला कापूस करपल्याचा वास! मोटार तव्यासारखी तापलेली. रजई ओढून काढली, तर मागे दानियल, हातात पाण्याची बादली. त्याला स्टेशनात आग विझवायचं शिकवलंय, ते त्याने घरी करून दाखवलं. ओट्यापासून दारापर्यंत पाणी. पुसताना दोघंही हसत होतो. पण झोप गेली ती गेलीच.

शुक्रवार, २० मार्च

सापडलं! इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. मालगाडीने तो उठत नाही ना? मग मालगाडीतच दळायचं!

स्वयंपाकघरातून सिग्नल दिसतो. हिरवा झाला की गाडी आलीच. बिया भरल्या, बोट बटणावर, डोळा सिग्नलवर. एक वाजून पाच मिनिटांनी हिरवा. इंजिन खिडकीपाशी आलं, धडधड सुरू, मी बटण दाबलं. माझा ग्राइंडर मलाच ऐकू येईना! अठ्ठावन्न डबे गेले, माझी कॉफी चौदाव्या डब्याला झाली.

शेवटचा डबा गेला आणि मागून आवाज आला, "प्लॅटफॉर्मवरच्या कुत्रीला पिल्लं झाली. चार. पार्सलच्या जुन्या हातगाडीखाली."

कपाळाला हात लावला.

शनिवार, २१ मार्च

आज गाडीच नाही! मालगाडीला कुठलं आलंय टाइमटेबल? बियांचा डबा उघडा ठेवून सिग्नलकडे टक लावून उभी. एक, एक पाच, एक दहा.

"कशाची वाट बघतेस?" दानियल.

अजून दळलंसुद्धा नव्हतं! म्हणजे आता त्याला न झालेल्या आवाजानेही जाग येते. तीन पिल्लं काळी आहेत, एक पांढरं. पांढरं सगळ्यांना ढकलून पुढे जातं. हे कळलं. झोप मात्र साडेतीन तास.

मंगळवार, २४ मार्च

हातग्राइंडर आला. बरेच व्हिडिओ बघून, पौलसचं डोकं खाऊन मागवला. मुठीत मावेल एवढी नळी, वर दांडी, आत पोलादी चकत्या. पौलस म्हणाला, "ताई, स्वस्तातला घेऊ नको, एस्प्रेसोला चकत्या हलता कामा नयेत." हलत नाहीत. फिरवताना हाताला लागतं, किती बारीक पडतंय ते कळतं. दीड मिनिट लागतं, दंड भरून येतो. पण आवाज — नुसती खरखर, वाळूवरून चालल्यासारखी. ५८! मोटारवाल्याला आता माळ्यावर जागा.

मागच्या अंगणात जाऊन, दार ओढून दळलं.

एक वाजून आठ मिनिटांनी दार उघडलं. आता मात्र मला रडूच आलं. "अरे, तुला नंदुरबारला टेबलावर बसायचंय का?" तो गडबडला. "पांढरं आज मगनचा बूट चोखत होतं," एवढंच म्हणाला आणि परत आत गेला.

गुरुवार, २६ मार्च

रामनवमीची सुट्टी. अकरा वाजता शेंगदाण्याची चटणी करायला घेतली आणि विचार न करता मिक्सर लावला. लावल्यावर जीभ चावली. ८९! धावत जाऊन बघितलं — ढिम्म नाही! तोंड उघडं, एक हात खाली. परत येऊन मुद्दाम दुसऱ्यांदा लावला. घोरणं चालूच.

एकला अंगणात हातग्राइंडर फिरवला. आला!

म्हणजे आवाज नाहीच. सोळा दिवस मी चुकीच्या चोराच्या मागे.

शुक्रवार, २७ मार्च

उत्तर मगनकडे निघालं. जीपमधून उतरले तर स्टेशनसमोर भेटला. झोपेचं सांगितलं. म्हणाला, "वहिनी, दानियलभाऊनं नाक डोयापेक्षा तेज शे." मागच्या वर्षी एका मालगाडीचा ब्रेक चिकटला होता, धूर दिसायच्या आधी दानियलने वासावरून ओळखला. सर्टिफिकेट मीच फ्रेम करून भिंतीवर लावलंय. रोज त्याच्याखालून जाते!

वास! ताज्या कॉफीचा वास! म्हणून तर त्या दिवशी उघड्या डब्यानेही उठला. मी कान झाकत बसले आणि हा नाकाने जागा होत होता. सोमवारपासून सगळा संसार शकीलाभाभींच्या ओट्यावर.

सोमवार, ३० मार्च

मशीन, हातग्राइंडर, बियांचा डबा, सगळं समोर नेलं. घरी आले, जेवले, आणि एकच्या आत तिकडे. कॉफी छान उतरली. शकीलाभाभींनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, दोन चमचे साखर घातली आणि उरलेली संपवली. पावणेदोनला चोरपावलांनी परत आले. दानियल गाढ! पाचला मीच उठवला.

मंगळवार, ३१ मार्च

गाढ!

बुधवार, १ एप्रिल

तिसरा दिवस. घोरणं रस्त्यापर्यंत ऐकू येतंय. इतका गोड आवाज मी ॲपवर मोजला नाही, उगाच नजर लागायची. पौलसला फोन करून सांगितलं, "बिनआवाजाचा ग्राइंडर शोधू नको, बिनवासाचा शोध." त्याला वाटलं मला ऊन लागलं.

शुक्रवार, ३ एप्रिल

गुड फ्रायडे. बारा ते तीन चर्चमध्ये. गाणी बरी झाली.

पाच दिवस त्याची झोप नीट होतेय, तोंडावर टवटवी आलीय. मी खूश आहे. खूशच आहे. फक्त कालपासून काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. शकीलाभाभींकडे गप्पा होतात, पण त्या लग्नाच्या साड्यांच्या. लेट गाड्यांचं कोण सांगणार? आमची भेट दारात. "डबा घेतलास?" "घेतला." मी आत, तो बाहेर.

रविवार, ५ एप्रिल

ईस्टर! पहाटेच्या उपासनेला तो ड्युटीवर, मी गायनात. उद्या डॉक्टर. देवा, एवढं बघ.

सोमवार, ६ एप्रिल

बीपी एकशे तीस–चौऱ्याऐंशी. फिट! पॉइंट्स राहिले! शकीलाभाभींकडून मशीन आजच परत आणलं. का, ते लिहून ठेवते.

येताना जीपमध्ये सहज विचारलं, "पिल्लांनी डोळे उघडले का रे?"

"गुरुवारी. तुला सांगायला उठलो होतो एकला. तू घरात नव्हतीस."

"गुरुवारी? घरात वास नव्हता, आवाज नव्हता. मग जाग कशाने आली?"

आमच्या मावची बोलीत म्हणाला, मराठीत तितकं गोड उतरत नाही — "रोजच उठत होतो. तू नाहीस बघून परत पडत होतो. त्या वेळेला तू घरी भेटतेस ना."