सांध्यावरचं पीठ

मंगळवार, १२ तारीख

दादास,

नमस्कार. नगराध्यक्षाच्या कागदावर, शिक्क्यासकट लिहिलेलं तुझं पत्र पोचलं. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या बहिणीला तू पोस्टाने पत्र पाठवलंस, म्हणून मीही पोस्टानेच उत्तर देते आहे. इकडे सगळं ठीक. भट्टी सुरू आहे, माझा गुडघा दुखतो आहे आणि गिऱ्हाईक निम्म्यावर आलं आहे. ते कोणाच्या कृपेने, हे तुला सांगायला नको.

'प्रिय भगिनी' हे कोणाकडून लिहून घेतलंस? जन्मात कधी मला भगिनी म्हणाला नाहीस. काडी म्हणायचास, तेच बरं होतं.

तुझं म्हणणं असं, की जगातल्या सगळ्यांत लांब पावाचा विक्रम आपल्या बेकरीच्या दारात फसला, गावाचं नाक कापलं गेलं आणि रविवारच्या सभेत तुला लोकांना जाब द्यायचा आहे. छान. पण विक्रमाचं हे खूळ कोणाच्या डोक्यातलं? चाळीस घरांनी मळलेलं पीठ मुख्य रस्त्यावर टेबलांच्या रांगेत मांडायचं, कच्चं असतानाच टोकाला टोक जोडायचं आणि वरून चाकांवरची भट्टी हळूहळू ढकलत न्यायची, हे सगळं तू ठरवलंस. तू! ज्याने आयुष्यात एक उंडा मळला नाही. पीठ नाकात जातं म्हणून दहाव्या वर्षापासून बेकरीच्या मागच्या खोलीत तू पाऊल टाकलं नाहीस. तरी त्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून तूच आम्हाला पाव शिकवत होतास.

पाव जोडणाऱ्यांच्या यादीतून बाबांचं नाव तू काढलंस, त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. पन्नास वर्षं या गावाला पाव खाऊ घातलेला माणूस! "हात थरथरतात त्यांचे, फोटोत बरं दिसत नाही," असं तू मला दुकानात उभं राहून सांगितलंस. बाबा आतच होते. त्यांना ऐकू कमी येतं, पण तेवढं नेमकं ऐकू गेलं. विक्रमाच्या दिवशी त्यांनी सकाळीच दाढी केली, धुतलेला ॲप्रन बांधला आणि मला म्हणाले, "आपल्या दारातला सांधा मी करतो. दोन मिनिटांचं तर काम. त्याला कळणारसुद्धा नाही."

मी हो म्हटलं.

पुढचं तुला माहीत आहे. भट्टी सगळ्या रस्त्यावरून गेली, पाव भाजून निघाला, तुझ्या शिट्टीवर लोकांनी तो एकदम उचलला आणि आपल्या दारासमोर तो सुटला. तुटला नाही, सुटला. परीक्षक बाईंनी चष्मा पुसला, "हे दोन पाव आहेत," एवढंच म्हणाल्या आणि वही मिटली. मी तुझा चेहरा पाहिला. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं.

आता त्या फोटोचं. फोटोवाल्याने तुला दिलेल्या फोटोत सांध्यावर बाबांचा हात आहे आणि मुठीत कोरडं पीठ आहे, हे खरं. तू बेकरीवाल्याचा मुलगा असूनही तुला त्याचा अर्थ कळला नसेल, म्हणून सांगते. एका ट्रेमध्ये पाव शेजारी शेजारी लावताना मध्ये कोरडं पीठ भुरभुरतात. मग ते चिकटत नाहीत, भाजल्यावर अलगद वेगळे होतात. बाबांच्या हातांनी पन्नास वर्षं दोन पावांच्या मध्ये दुसरं काही घातलेलंच नाही. त्या दिवशी तिथे पाणी लावायला हवं होतं. हात सवयीने पिठात गेला.

पाव सुटल्यावर बाबा बाहेर आले आणि ते सुटलेलं टोक हातात घेऊन बघत राहिले. पावाचं पिठाने पांढरं राहिलेलं तोंड पाहून बेकरीवाल्याला काय झालं ते क्षणात कळतं. त्यांचा चेहरा उतरायला लागला, तशी मी म्हणाले, "बाबा, तुमचा सांधा मी उकलून परत केला होता. घाईत पीठ लागलं माझ्याकडून." त्यांनी भर रस्त्यात मला फैलावर घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी मागच्या खोलीत येतात, मला दोन उंडे घ्यायला लावतात आणि सांधा शिकवतात. "पाणी लाव, पाणी! एवढी वर्षं काय माझं तोंड बघत होतीस?" मी मुद्दाम चुकते. ते ओरडतात. मग त्यांना भूक लागते, दादा. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या ताटात काही उरत नाही.

आणि तू रविवारी तो फोटो पडद्यावर मोठा करून दाखवणार! सभेला बाबा येणार आहेत. पहिल्या रांगेत बसायचं म्हणतात, मुलगा बोलणार आहे ना.

म्हणून जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. बाबांचा हात पिठाच्या डब्यात गेला तेव्हा मी हातभर अंतरावर होते. मी पाहिलं. भट्टी अजून शिंप्याच्या दुकानापाशी होती, निदान दहा मिनिटं हाताशी होती. ओल्या फडक्याने पुसून परत जोडता आलं असतं. मी फडकं उचललंसुद्धा. तेवढ्यात तू कर्ण्यावरून ओरडलास, "त्या म्हाताऱ्याला आत घ्या, परीक्षक येतायत!"

शिंपी हसला. बाबांनी हात मागे घेतले, ॲप्रनला पुसले आणि कोणाकडे न बघता आत गेले. मी फडकं खाली ठेवलं. सुटू दे, म्हटलं. सगळ्या गावासमोर तुझी फजिती व्हावी असं मला वाटलं, आणि त्या रागात चाळीस घरांची मेहनत मी मातीत घातली. त्या घरांसमोर मान वर करायची मला लाज वाटते. तुझ्यासमोर नाही.

तेव्हा गुन्हेगार मी आहे. सोबत कागद जोडला आहे: 'आमच्या दारातला सांधा माझ्यामुळे सुटला. त्यात पीठ आहे हे मला माहीत होतं.' खाली माझी सही आहे. सभेत तो वाच. मला हवं ते बोल, हवं तर लोकांसमोर उभी कर. मी येईन. यात एकही शब्द खोटा नाही, म्हणजे तुझ्या खुर्चीलाही धक्का लागायचा नाही.

फोटो मात्र फाडायचा. फोटोवाल्याकडची प्रतसुद्धा. या पत्राला उत्तर नको, शिक्का नको, भगिनी तर मुळीच नको. तुकडे पाकिटात घालून पाठव, म्हणजे मला कळेल.

ते हातात पडेपर्यंत तुझी कोणीही नसलेली,
बाबांची काडी